काचेची पडवी

हे मासिक आमच्या घरी दोन-दोन, तीन-तीन महिन्यांचे अंक एकदम असं येतं. चिपळूण-खेडकडून कोणी ना कोणी बर्मिंगहॅमला येत असतं, आणि त्यांच्या बॅगेत आमसुलं, कुळथाचं पीठ यांच्यासोबत अंकांची गुंडाळी असते. आमच्या मुलांना मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. वाचतात त्या अम्मी. गावच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या, चष्मा नाकावर ओढून अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत संपवतात. त्यांनीच आम्हाला बजावलं, "आपल्या खोलीचं लिहून पाठवा. तिकडे लोक विचारतात, एवढ्या पैशांत नेमकं बांधलंत काय?"

म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको मिळून हे लिहीत आहोत. अम्मी आमच्यातल्या एकाच्या जन्मदात्या आणि दुसऱ्याच्या सासूबाई. कोण कोणाचं, हे इथे सांगत बसत नाही. त्या आजारपणाच्या दीड वर्षात तो फरक तसाही उरला नव्हता.

अब्बा १९६८ साली इथे आले ते ओतकामाच्या कारखान्यात. अम्मी १९७४ मध्ये आल्या. आम्ही राहतो ते हॉल ग्रीन भागातलं घर १९३०च्या दशकातलं आहे. एका भिंतीने जोडलेली अशी जुळी घरं तुम्ही फोटोत पाहिली असतील. खाली दोन खोल्या आणि चिंचोळं स्वयंपाकघर, वर तीन झोपायच्या खोल्या आणि घरातलं एकमेव न्हाणीघर. मागे लांबट परसू. हे घर आम्ही २००९ मध्ये घेतलं, व्याजाच्या कर्जावर नाही. घटत्या भागीदारीचा करार आहे. संस्था आणि आपण मिळून घर घ्यायचं, तिच्या हिश्शाचं भाडं द्यायचं आणि दर महिन्याला थोडाथोडा हिस्सा विकत घेत जायचा. महाग पडतं, पण रात्री झोप लागते.

जानेवारी २०२३ मध्ये अम्मी जिन्यावरून पडल्या. पहाटे वुजूसाठी उठल्या होत्या, दिवा लावला नाही, कुणाची झोप मोडू नये म्हणून. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, अल्हमदुलिल्लाह बरं झालं, पण जिना संपला. इस्पितळातून आल्या त्या थेट खालच्या पुढच्या खोलीत. तीच आमची बैठकीची खोली. एका कोपऱ्यात पलंग, दुसऱ्या कोपऱ्यात पडदा, आणि पडद्याआड कमोडची खुर्ची.

ज्यांनी घरात असं आजारपण काढलंय, त्यांना पुढचं सांगायला नको. पाहुणे आले की अम्मी गप्प व्हायच्या. पुरुषमाणूस आला की ओढणी सावरून भिंतीकडे तोंड करायच्या. नमाजच्या वेळी आम्ही तसराळं आणि तांब्या घेऊन जायचो, त्या वुजू करायच्या, पण मनात किंतु राहायचा की कपडे पाक आहेत का, शिंतोडा तर उडाला नाही ना. मार्चमध्ये त्यांना ताप आला. लघवीचा संसर्ग निघाला. डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला पाणी किती पिता? तेव्हा आम्हाला कळलं. कमोड कमी वापरावा लागावा, आम्हाला तो कमी वेळा उचलावा लागावा, म्हणून अम्मींनी पाणी पिणंच कमी केलं होतं.

त्या रात्री आम्ही ठरवलं की खाली त्यांची स्वतःची खोली आणि स्वतःचं न्हाणीघर झालंच पाहिजे. काय बांधायचं, ते मात्र ठरायला वर्ष गेलं.

जिन्याला लावायच्या खुर्चीचं आधी सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. कौन्सिलकडून आलेल्या थेरपिस्ट बाईंनीही तेच सुचवलं. रुळावरून सरकत वर जाणारी खुर्ची, सगळ्यांत स्वस्त उपाय. पण पाच वेळचा वुजू, त्याशिवायची गरज, म्हणजे दिवसात दहा-बारा खेपा. नाहीतर मग दिवसभर वरच राहायचं, माणसांपासून तुटून. एका नातेवाइकाकडे अम्मींना त्या खुर्चीत बसवून पाहिलं. उतरल्यावर म्हणाल्या, "मी काय तांदळाचं पोतं आहे, दोरीने माळ्यावर चढवायला?" तो विषय तिथेच मिटला.

उरले दोन पर्याय. एक, मागच्या दाराला लागून कॉन्झर्व्हेटरी. खाली गुडघाभर विटा, वर सगळ्या बाजूंनी काच, छपरालाही काच नाहीतर पारदर्शक पत्रा. दोन, विटांची पक्की वाढीव खोली, जिला इथे सगळे एक्स्टेन्शन म्हणतात. कॉन्झर्व्हेटरीवाल्याने आकडा दिला १७,५०० पाउंड, आणि काम दोन-तीन आठवड्यांत. साडेचार मीटर खोल पक्क्या खोलीचा आकडा आला ५४,००० पाउंड, आणि काम चार महिने, तेही सगळं सुरळीत गेलं तर.

आमची शिल्लक होती ३१,०००. आणि ती रिकामी पडलेली नव्हती. थोरली मुलगी २०२४च्या सप्टेंबरात युनिव्हर्सिटीत जाणार होती. २०२४ मध्ये इथे फी वर्षाला ९,२५० पाउंड होती, त्या हिशेबाने तीन वर्षांची २७,७५०. सरकार सगळ्यांना कर्ज देतं, पण ते व्याजाचं. व्याज नसलेल्या पर्यायाची तरतूद २०१७ साली कायद्यात झाली, आणि आम्ही हे लिहीत आहोत तोवर ती प्रत्यक्षात उतरलेली नाही. तेव्हा मुलगी सहावीत असल्यापासून आम्ही महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकत आलो होतो. ते ३१,००० म्हणजे तिची फी होती. आता त्याच पैशाकडे दादीची खोलीही बघत होती.

काचेची बाजू घेणारा आवाज आमच्यात आधी मोठा होता, हे कबूल करतो. स्वस्त, झटपट, आणि मुलीची निम्मी फी तरी वाचते. शिवाय अम्मींना ऊन आवडतं. गावी आमच्या घराला पडवी होती. खाली सारवलेली जमीन, तीन बाजूंनी उघडी, उतरत्या कौलांखाली. दुपारचं सगळं जगणं तिथेच व्हायचं. कॉन्झर्व्हेटरीची रंगीत पुस्तिका दाखवली तेव्हा अम्मी पानं उलटत म्हणाल्या, "अरे, ही तर काचेची पडवी." त्या शब्दाने आम्ही निम्मे विरघळलो.

मग घरं बघत फिरलो. ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारल्याशिवाय पैसे टाकू नयेत. लेस्टरच्या नातेवाइकांची कॉन्झर्व्हेटरी आम्हाला माहितीची होती. १९ जुलै २०२२ला, ज्या दिवशी या देशात पारा पहिल्यांदा ४०च्या वर गेला, त्या दिवशी आम्ही त्यांच्याकडेच होतो. काचेच्या खोलीत ठेवलेल्या मेणबत्त्या कमरेतून वाकल्या होत्या. त्याच खोलीत आम्ही फेब्रुवारीत गेलो तर काचांच्या आतून पाणी ओघळत होतं, आणि कोपऱ्यातला हीटर दिवसभर चालू असूनही पाय गार. दुसऱ्या एका घरी तिथे तांदळाच्या गोण्या, जुनी सायकल आणि कपडे वाळत घालायचा स्टँड. घरच्या बाई हसून म्हणाल्या, "वर्षातून दोन महिने बसतो हो, मे आणि सप्टेंबर." तिसरीकडे छपराच्या पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागे. अम्मी सोबत होत्या, त्यांना मात्र तो आवाज फार आवडला. गावचा आषाढ आठवला असणार.

काच म्हणजे उजेड, पण उजेड दोन्हीकडून असतो. रात्री आत दिवा लागला की शेजारच्या चार घरांच्या वरच्या खिडक्यांतून सगळं दिसतं. रमजानमध्ये सेहरीला उठलेली, केस मोकळे असलेली, आजारी बाई. पडदे लावा म्हणाल तर मग काच कशासाठी? आणि उन्हाबद्दलही डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली, ती वाचकांना उपयोगी पडेल. अम्मींच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी आहे, आम्हाला वाटलं काचेतलं ऊन कामी येईल. डॉक्टर म्हणाले, काचेतून ऊब येते, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच जवळजवळ सगळे अडवते. त्यासाठी बाहेरच बसायचं, नाहीतर गोळी घ्यायची.

या खोल्या मुळात माणसांसाठी नव्हत्याच. इंग्लंडातल्या श्रीमंतांनी थंडीत संत्र्या-लिंबांची झाडं जगावीत म्हणून त्या बांधल्या. काचेवर कर होता, तो १८४५ मध्ये उठला आणि काच स्वस्त झाली. १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी उभा केलेला क्रिस्टल पॅलेस सगळा काचेचा, आणि त्याची काच बनली आमच्या बर्मिंगहॅमला खेटून असलेल्या स्मेथिकमध्ये. अब्बा सुरुवातीला स्मेथिकमध्येच भाड्याने राहायचे. असो, हे जरा वाहवत गेलं.

आमचा निर्णय फिरला तो नियम वाचताना. इथे घर वाढवायचं तर दोन वेगळे कायदे लागतात. एक बांधायला परवानगी लागते की नाही त्याचा, दुसरा बांधकाम कसं असावं त्याचा. पक्क्या खोलीला दुसरा कायदा पूर्ण लागू होतो. पाया किती खोल, भिंतीत ऊब धरणारा थर किती, छपराची ताकद किती, सगळं निरीक्षक येऊन बघतो. कॉन्झर्व्हेटरीला या तपासणीतून सूट आहे. आम्हाला आधी ती सूट म्हणजे सोय वाटली. अटी वाचल्या तेव्हा कळलं. क्षेत्र ३० चौरस मीटरपेक्षा कमी हवं, तिला घराच्या मुख्य हीटिंगशी जोडायचं नाही, आणि घर व ती यांच्यामध्ये बाहेरच्या दर्जाचं दार-भिंत कायम राहिली पाहिजे. म्हणजे घराचं मागचं दार आहे तसंच ठेवायचं, आणि त्या दाराच्या पलीकडे कॉन्झर्व्हेटरी.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कायद्याच्या हिशेबात ती घराबाहेरची जागा आहे. मागचं दार ओढून घेऊन अम्मींना बाहेर झोपवायचं, असा त्याचा अर्थ होता. आणि न्हाणीघर? तिथे नळ आणि मोरी घ्यायची तर त्या कामाला कायदा लागतोच, शिवाय काचेच्या खोलीत न्हाणी बांधणार कुठे? म्हणजे कमोड पुन्हा पडद्याआडच.

गावच्या पडवीचं एक आम्ही सोयीने विसरलो होतो. पडवीत दुपारी गप्पा व्हायच्या, खरं. पण आमच्या लहानपणी घरातलं म्हातारं माणूस खाटेला खिळलं, की त्याची खाटही पडवीतच यायची. आत माजघरात वर्दळ असायची, पोरंबाळं असायची. आम्ही हे अम्मींना बोलून दाखवलं नाही. त्यांनीच एकदा सहज म्हटलं, "माझ्या सासऱ्यांनी शेवटचा पावसाळा पडवीत काढला. वाऱ्याने पागोळ्या आत यायच्या. आम्ही गोणपाट लावायचो." एवढंच म्हणाल्या, आणि भाजी निवडत राहिल्या.

तर पक्की खोली. पण ५४,००० आणायचे कुठून? घरावर आणखी पैसे उचलता येतील, असं एकाने सुचवलं. ते व्याजाचं होतं. मशिदीतल्या मौलानांना विचारलं. त्यांनी फतवा वगैरे काही दिला नाही, उलट आम्हालाच विचारलं, "साडेचार मीटर कशाला हवंय? अम्मींना किती जागा लागते?"

साधा प्रश्न, पण आम्ही तो स्वतःला विचारलाच नव्हता. साडेचार मीटरमध्ये आम्ही अम्मींच्या खोलीसोबत मोठं स्वयंपाकघर, जेवणाचं टेबल, छपरात काचेचा झरोका, असं सगळं घुसवलं होतं. खरं सांगायचं तर त्यात अम्मींपेक्षा आमची हौस जास्त होती. आमच्या तालुक्यात जाऊन बघा. परदेशच्या पैशांतून बांधलेले चिऱ्यांचे दुमजली बंगले, समोर लोखंडी फाटक, आत संगमरवर, आणि दाराला कुलूप. अब्बांनी बांधलेलंही त्यांतलंच एक. अम्मी म्हणतात, "त्या घरात मी सगळ्यात जास्त वेळ कुठली गोष्ट हातात धरली असेल, तर किल्ली."

साडेचारला आणखी एक अडचण होती, आणि ती पैशांपेक्षा मोठी निघाली. आमच्या जोडघरात पलीकडे एक इंग्रज बाई एकट्या राहतात. वय अम्मींपेक्षा थोडं जास्तच. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नाही आणि चौदा वर्षं त्यांचं चाललंय. कुंपणावरून तिकडून रुबार्बचे दांडे येतात, इकडून कोथिंबीर जाते. रुबार्ब म्हणजे इथली एक आंबट लालसर दांड्यांची भाजी. इंग्रज लोक साखर घालून तिची गोड खीर करतात, अम्मी ती आमसुलाच्या जागी डाळीत टाकतात. २०२०च्या एप्रिलमध्ये अब्बांचा इंतकाल झाला तेव्हा टाळेबंदी होती. जनाजाला मोजकी माणसं. गाडी निघाली तेव्हा या बाई आपल्या दारात काळा कोट घालून उभ्या होत्या, गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत. अम्मींनी ते खिडकीतून पाहिलं होतं.

इथल्या नियमाप्रमाणे जोडघराच्या मागे तीन मीटरपर्यंतची एकमजली खोली साधारणपणे वेगळ्या परवानगीशिवाय बांधता येते, उंचीच्या आणि इतर काही अटी पाळून. त्यापुढे सहा मीटरपर्यंत जायचं तर कौन्सिलला कळवावं लागतं, आणि कौन्सिल शेजाऱ्यांना पत्र पाठवून विचारतं की हरकत आहे का. आम्हाला अनेकांनी सांगितलं, म्हातारी हरकत घेणार नाही, बिनधास्त अर्ज करा. ती घेणार नाही, हे आम्हालाही माहीत होतं. म्हणूनच अर्ज करवत नव्हता.

आमची मागची बाजू आग्नेयेला आहे, आणि आमचं घर त्यांच्या पूर्वेकडच्या अंगाला. उन्हाळ्याच्या सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात ऊन येतं ते आमच्या परसावरून. त्या आठच्या सुमारास खिडकीशी टेबलावर चहा-टोस्ट घेतात. मेमधल्या एका शनिवारी आम्ही दोन बांबू आणि दोन चादरी घेतल्या, साडेचार मीटरवर दोरी बांधून खोलीच्या उंचीची भिंत उभी केली. मग त्यांच्या दारावर जाऊन विचारलं, आत येऊन बघू का? त्या चकित झाल्या, पण घेतलं आत. चादरीची सावली त्यांच्या टेबलावर नऊ वाजेपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी चादर तीन मीटरवर आणली. सावली सव्वाआठला सरकली. बाई म्हणाल्या, "सव्वाआठ चालेल, मी चहा जरा उशिरा घेईन." घरी येऊन अम्मींना सांगितलं. अम्मी म्हणाल्या, "तिचं ऊन घेऊन मी किती दिवस वापरणार?"

सूरह निसाच्या ३६व्या आयतीत आई-वडिलांशी चांगलं वागण्याचा हुकूम आहे, आणि त्याच आयतीत जवळच्या आणि दूरच्या शेजाऱ्याचाही. आम्ही ती लहानपणापासून ऐकत आलोय. दोन्ही हक्क एकाच दोरीवर, एकाच चादरीने मोजायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

तीन मीटर ठरलं. हे माप बाहेरून धरतात, भिंतीची जाडी गेली की आत उरतं अडीच मीटरहून थोडं जास्त. एक पलंग, एक कपाट, मुसल्ला अंथरायला जागा, आणि बाजूला उंबरठा नसलेलं न्हाणीघर. आकडा खाली आला, ४१,०००.

मग अनुदान. इंग्लंडात चालता-फिरता न येणाऱ्यांसाठी घरात बदल करायला कौन्सिल ३०,००० पाउंडांपर्यंत मदत करतं, गरज आणि ऐपत तपासून. ऐपत त्या व्यक्तीची आणि तिच्या जोडीदाराची बघतात. अम्मी विधवा, उत्पन्न पेन्शनचं. पण त्यांना ते नको होतं. "खैरात घ्यायची वेळ आली का?" अब्बांनी तीस वर्षं भट्टीपुढे उभं राहून कर भरला, हे त्यांच्या गळी उतरवायला दोन महिने लागले. एका ओळखीच्याने सल्ला दिला की जेवणाची खोलीही अम्मींच्याच नावावर दाखवा, जास्त मिळेल. आम्ही दाखवली नाही. अर्ज पुरा भरल्यावर निर्णयाला सहा महिन्यांपर्यंत लागू शकतात, आणि मंजुरीआधी कुदळ मारली तर पैसे मिळत नाहीत. तो आणखी एक हिवाळा अम्मींनी पडद्याआडच काढला. तो हिवाळा आम्हाला अजून टोचतो. काचेची खोली तोवर कधीच उभी राहिली असती. न्हाणीघर, रुंद दारं आणि उतार, एवढ्यासाठी मंजूर झाले १४,६००.

घराच्या भागीदार संस्थेची लेखी संमती घेतली, कारण कागदोपत्री घर अजून त्यांचंही आहे. शेजारणीला कायद्याची नोटीस द्यावी लागते, तिच्या पायाजवळ खणायचं तर. ती पोस्टाने न पाठवता आम्ही हातात नेऊन दिली, सोबत शिरखुर्म्याचा डबा. कारण २०२४ची ईद नुकतीच झाली होती. दुसऱ्या आठवड्यात काम सुरू झालं.

आणि लगेच अडलं. इथली माती चिकण, ती पावसाळी फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेजारणीचं नासपतीचं झाड जवळ. निरीक्षक म्हणाले, मीटरभर पाया पुरणार नाही, दीड मीटर खणा. २,३०० पाउंड वाढले. बाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, झाड तोडून टाकू का? अम्मींनी मान अशी हलवली की भाषांतर करावं लागलं नाही.

न्हाणीघराचा नकाशा काढताना गवंडी जरा चक्रावला. आम्ही त्याला होकायंत्र दाखवून सांगत होतो की इथून मक्का आग्नेयेला येते, तेव्हा संडासाचं भांडं त्या दिशेला तोंड किंवा पाठ करून नको, आडवं बसव. आपल्या शाफई मसलकात चार भिंतींच्या आत सवलत आहे, हे खरं. पण नव्याने बांधतोय तर अदब का सोडायची? त्याला पाइप एक हात लांब न्यावा लागला, एवढंच. बसून पाय धुता येतील असं बुटकं बेसिन मात्र त्याला इतकं पटलं की फोटो काढून घेऊन गेला.

हिशेब असा झाला. ४३,३०० मधून अनुदान वजा जाता आमचे गेले २८,७००. शिल्लक राहिली २,३००. त्यात भिशीचे ६,००० आले, आणि मामांनी ५,००० कर्ज-ए-हसना दिलं. सूरह बकराच्या २८२व्या आयतीप्रमाणे कागद केला, दोन साक्षीदारांसह. मामा म्हणाले, घरातल्या घरात कागद कशाला? आम्ही म्हटलं, घरातलं आहे म्हणूनच. मुलीची पहिल्या वर्षाची फी त्यातून भरली. आता हातात ४,०५० आहेत. दुसरं वर्ष कसं करायचं, ते ठरलेलं नाही. मुलीने बर्मिंगहॅममध्येच प्रवेश घेतला, घरून जाते, शनिवार-रविवार औषधांच्या दुकानात काम करते. तिला दुसऱ्या शहरात जायचं होतं, तिचा नंबरही लागला होता. ती त्याबद्दल काही बोलत नाही, आणि आम्हीही विचारायला धजलेलो नाही.

अम्मी ऑगस्टमध्ये खोलीत राहायला गेल्या. काच अगदीच टाळली नाही. आग्नेयेच्या भिंतीत पलंगावरून दिसेल अशी खाली उतरलेली एक खिडकी आहे, किबल्याच्याच दिशेला. पडदा ओढायचा की नाही, ते अम्मींच्या हातात. पहिल्या दिवशी त्यांनी न्हाणीघराचं दार आतून लावलं आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आम्ही घाबरून हाक मारली. आतून आवाज आला, "काही नाही रे. पाणी घेतेय."

पाण्याची बाटली आता त्या स्वतःच मागतात. दुपारी शेजारीण बाई कधी कधी मागच्या दाराने येतात, अम्मींच्या पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसतात, दोघी आपापल्या भाषेत बोलतात. परवा त्यांनी रुबार्ब आणलं. जाताना खिडकीकडे हात करून काहीतरी म्हणाल्या. नात घरी होती, तिने अर्थ सांगितला की छान आहे, उजेड भरपूर येतो.

"येतो," अम्मी म्हणाल्या, "पण हातभर अजून मोठी चालली असती."